नोकरी देणाऱ्याची परीक्षा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० सालच्या विनियमांत एक बारीकसे कलम आहे, आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागातील कारकुनांखेरीज त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नसावे. दूरस्थ किंवा ऑनलाइन मार्गाने मिळविलेल्या पदवीच्या आणि गुणपत्रिकेच्या मागील बाजूस शिक्षणाची पद्धती, प्रवेशाची तारीख, अभ्यासक्रम पुरा झाल्याची तारीख आणि परीक्षाकेंद्राचे नाव व पत्ता ह्यांची नोंद असली पाहिजे, असे ते कलम फर्मावते. त्याच विनियमांत दुसरे एक कलम असे आहे की, मान्यताप्राप्त संस्थेने ह्या मार्गाने दिलेली पदवी नेहमीच्या पद्धतीच्या पदवीशी समकक्ष मानली जावी. आणि ह्याविषयी कोणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने तीच गोष्ट पुनश्च जाहीर केली. कागदाच्या पुढच्या बाजूस अशी समता नांदत असली, तरी मागच्या बाजूस भेदाची नोंद रीतसर करून ठेवलेली आहे. आणि नोकरी देणाऱ्या माणसाला कागद उलटून पाहण्याची सवय असते.

बड्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्या दरवर्षी नवपदवीधरांच्या भरतीसाठी ज्या जाहिराती काढतात, त्यांतील पात्रतेचा परिच्छेद ज्याने एकदा लक्षपूर्वक वाचला असेल त्याला मी काय म्हणतो ते सांगावयास नको. दहावी, बारावी, पदवी आणि असल्यास पदव्युत्तर पदवी ह्या प्रत्येक पायरीवर बहुधा ६० टक्के गुण, मध्ये खंड पडला असल्यास त्याची कैफियत, आणि ह्या सर्वांच्या शेवटी सर्व शिक्षण 'पूर्णवेळ, नियमित' असल्याची अट, अंशवेळ किंवा पत्रद्वारा शिकलेल्यांनी अर्ज करण्याची तसदी घेऊ नये अशा पुस्तीसह. आयोगाची समकक्षता विद्यापीठांना आणि सरकारी खात्यांना बांधते. हिंजवडीतील किंवा बेंगळुरूतील खासगी मालकाला ती बांधीत नाही, कारण आपल्या चाकरीत कोणाला घ्यावे आणि कोणाला घेऊ नये हे ठरविण्याची मुभा कायद्याने त्याच्याकडेच ठेवलेली आहे. तेव्हा प्रश्न कायद्याचा राहत नाही. ऑनलाइन एमबीए, एमसीए किंवा एमएससी केलेला उमेदवार समोर आला असता मालक नेमके काय तोलतो, आणि जे तोलतो ते तोलण्याजोगे असते काय, हा खरा प्रश्न आहे.

ह्यावर पहिले उत्तर असे दिले जाते की, महाविद्यालयाच्या वास्तूत, अध्यापकांच्या सान्निध्यात आणि सहाध्यायांच्या संगतीत दोन वर्षे घालविल्याने जे संस्कार होतात ते पडद्यावर व्याख्याने पाहून होत नाहीत. ह्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. परंतु हे उत्तर ज्या महाराष्ट्रात दिले जाते तेथील विद्यापीठांचा इतिहास थोडा आठवून पाहिला, तर उत्तर देणाऱ्याला जरा अडखळावे लागेल. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारले गेले होते, आणि तो नमुना परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा होता. १८६२ साली त्याच्या पहिल्या बी. ए. परीक्षेत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे चौघे उत्तीर्ण झाले, तेव्हा विद्यापीठाने त्यांना शिकविलेले काहीच नव्हते. शिकविले एल्फिन्स्टन महाविद्यालयाने, आणि विद्यापीठाने केवळ पारखून सनद दिली. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस ह्यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग सोपविला जाईपर्यंत विद्यापीठ स्वतः शिकविते हीच कल्पना येथे नवी होती. मूळ लंडन विद्यापीठ तर ह्याहीपुढे गेलेले होते. १८५८ साली त्याने महाविद्यालयाच्या हजेरीची अटच काढून टाकली आणि जो कोणी तयारी करून येईल त्याला परीक्षेला बसण्याचा मार्ग मोकळा केला. अण्णासाहेब कर्वे ह्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हा संसारात गुंतलेल्या स्त्रियांना घरी अभ्यास करून परीक्षा देता यावी अशी सोय त्यांनी आरंभापासूनच ठेविली. पुढे मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. गावोगावच्या शाळांतील कितीतरी शिक्षकांनी दिवसा वर्ग घेऊन आणि रात्री कंदिलापाशी वाचून 'बाहेरून' एम. ए. केले. त्यांच्या हाताखाली शिकून पुढे आलेल्या आजच्या अधिकाऱ्यांना ती पदवी कमअस्सल होती असे वाटत असल्यास त्यांनी तसे स्पष्ट बोलून दाखवावे.

मग 'रेग्युलर' ह्या शिक्क्याला आज जी प्रतिष्ठा आहे ती आली कोठून? माझ्या मते ती वर्गातून आलेली नसून वर्गाच्या दारावरून आलेली आहे. नामांकित अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन संस्थेत प्रवेश मिळविण्यासाठी लक्षावधी मुले एका परीक्षेला बसतात आणि त्यांतील काही सहस्रांना जागा मिळते. आत गेल्यावर ती मुले काय शिकतात ह्याची फारशी चौकशी न करता, ती आत जाऊ शकली एवढ्याचेच मोल मालक मोजतो. आणि ह्याचा पुरावा शोधावयास फार दूर जावे लागत नाही, कारण व्यवस्थापन संस्थांतील पुष्कळ विद्यार्थ्यांना उन्हाळी उमेदवारीचे आमंत्रण पहिल्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात, म्हणजे पुरती दहा पुस्तकेही वाचून होण्यापूर्वी, मिळालेले असते. मायकेल स्पेन्स ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली. उमेदवाराचे गुण मालकाला आतून दिसत नाहीत, म्हणून तो बाहेरून दिसणाऱ्या आणि गुणहीन माणसाला मिळविणे अवघड जाईल अशा खुणेवर विसंबतो, आणि शिक्षण ही अशी एक खूण होय, भले त्याने माणसाच्या कार्यक्षमतेत रतिभरही भर पडो अथवा न पडो. ह्या विवेचनाबद्दल स्पेन्स ह्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ऑनलाइन पदवीचे दुखणे ह्यातच आहे. तिचे दार मुद्दाम रुंद ठेवलेले असते आणि जागांची तेथे टंचाई नसते. त्यामुळे दारावरची जी चाळणी मालकाला आयती, आणि फुकट, मिळत होती ती येथे त्याला मिळत नाही.

मालकाची बाजू मांडताना आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. एका जागेसाठी हजारभर अर्ज आले असता ते सगळे वाचणे मनुष्याला शक्य नसते, आणि म्हणून मनुष्यबळ विभागातला अधिकारी असे काही निकष शोधतो की ज्यांच्या योगे नऊशे अर्ज एका फटकाऱ्यात बाजूला सारता येतील. चुकीचा माणूस घेतला तर त्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांत जाब द्यावा लागतो. योग्य माणूस वगळला तर त्याची वार्ता कोणाच्याही कानांवर जात नाही. जेथे एका चुकीला शिक्षा आहे आणि दुसरीला नाही, तेथे मनुष्य कोणती चूक पत्करील हे सांगण्यास ज्योतिषी नको. अमेरिकेत डेव्हिड डेमिंग, क्लॉडिया गोल्डिन, लॉरेन्स कॅट्झ आणि त्यांचे सहकारी ह्यांनी कल्पित उमेदवारांचे अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवून जो प्रयोग केला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले की व्यवसाय-प्रशासनाची पदवी नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेची असेल तर, प्रवेशाला फारशी चुरस नसलेल्या साध्यासुध्या सरकारी विद्यापीठाच्या पदवीच्या तुलनेत, मालकाकडून बोलावणे येण्याची शक्यता २२ टक्क्यांनी घटते. तो प्रयोग पदव्युत्तर पदव्यांचा नव्हता, आणि त्यात 'ऑनलाइन' आणि 'नफेखोर' हे दोन दोष एकत्र मिसळलेले होते. मालक नेमका कशाला भ्यायला हे त्यावरून वेगळे काढता येत नाही. परंतु आपल्याकडचा मालक तरी ते कोठे वेगळे काढतो?

आणि तो भ्याला तर त्याला दोष देण्यापूर्वी गेल्या पंचवीस वर्षांत पदव्यांच्या बाजारात काय काय घडले त्याचे स्मरण ठेवावे. छत्तीसगडने २००२ मध्ये खासगी विद्यापीठांसाठी असा एक सैल कायदा केला की, थोड्याच काळात त्या एका राज्यात शंभरावर विद्यापीठे कागदोपत्री जन्मास आली, आणि त्यांतील कित्येकांना धड इमारतदेखील नव्हती, प्रा. यशपाल ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये तो प्रकार मोडीत काढला. ह्याहून उद्बोधक प्रकरण ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनचे. नोकरीत असलेल्या अभियंत्यांनी दूरस्थ मार्गाने अभियांत्रिकीची पदवी मिळविली, तिच्या आधारे बढतीवर हक्क सांगितला, आणि बढतीचा तो किरकोळ वाटणारा तंटा चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे असे निष्पन्न झाले की, काही अभिमत विद्यापीठांनी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता न घेता, प्रयोगशाळांची व्यवस्था न पाहता, देशभर पसरलेल्या केंद्रांतून अभियंते निर्माण करण्याचा सपाटा लावला होता. न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित ह्यांच्या पीठाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल दिला. २००१ ते २००५ ह्या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. ज्यांची मुले महाविद्यालयात जाऊ लागली होती अशा प्रौढ अभियंत्यांना आपली पदवी अस्तित्वात आहे की नाही ह्याचा उलगडा होईना.

ह्या निकालातील मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा भाग निराळाच आहे. स्थगित केलेल्या त्या पदव्यांचे करावयाचे काय, ह्या प्रश्नावर न्यायालयाने शिक्षण पुन्हा घ्या असा हुकूम दिला नाही, वर्गात बसून हजेरी भरा असेही सांगितले नाही; परिषदेने ह्या सर्वांची एक परीक्षा घ्यावी, जास्तीत जास्त दोन संधी द्याव्या, जो उत्तीर्ण होईल त्याची पदवी जिवंत करावी, आणि ज्याला परीक्षा द्यावयाची नसेल त्याचे शुल्क परत मिळावे, अशी तजवीज केली. २०१८ मध्ये ती परीक्षा झालीही. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर शंकास्पद पदव्यांचा ढीग येऊन पडला असता त्या पीठालाही परीक्षेपलीकडे दुसरा उपाय सुचला नाही; आणि सुचण्याचे कारणही नव्हते.

सरकार नावाचा मालक ह्या बाबतीत निश्चिंत का असतो, तेही ह्यावरून ध्यानात येईल. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाच्या पदव्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी ग्राह्य धराव्यात असे १९९५ च्या अधिसूचनेनेच ठरून गेले, आणि महाराष्ट्रात पोलिस शिपायाने मुक्त विद्यापीठातून बी. ए. होऊन फौजदाराच्या परीक्षेला बसणे, किंवा शेतीवाडी सांभाळीत त्याच विद्यापीठाचा पदवीधर झालेल्या तरुणाने लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन राजपत्रित अधिकारी होणे, ह्यात आता कोणाला नवल वाटत नाही. सरकार उदारमनस्क आहे म्हणून हे घडते असे समजण्याचे कारण नाही. आयोगाच्या लेखी पदवी ही केवळ परीक्षेच्या मांडवात शिरण्याची चिठ्ठी असते. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तीन दरवाजे आयोगाने स्वतः बांधलेले असतात, आणि त्यांतून जो पार पडला तो नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा की पुण्याच्या फर्ग्युसनचा, ही चौकशी निरर्थक ठरते. ज्याला स्वतःची परीक्षा आहे त्याला दुसऱ्याच्या परीक्षेचे भय वाटत नाही. ह्याचाच व्यत्यास असा की, ऑनलाइन पदवीविषयी एखाद्या मालकाच्या मनात असलेला संशय जितका दाट, तितकी त्याची स्वतःची पारख कच्ची, असे अनुमान काढण्यास हरकत नसावी.

परदेशातील एक उदाहरण येथे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. अमेरिकेत अटलांटा येथील जॉर्जिया टेक ह्या सरकारी तंत्रसंस्थेने उडॅसिटी ही कंपनी आणि एटी अँड टी ही दूरसंचार कंपनी ह्यांच्या साहाय्याने संगणकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी पूर्णपणे ऑनलाइन देण्याचे ठरविले, आणि जानेवारी २०१४ मध्ये पहिली तुकडी सुरू झाली. संपूर्ण पदवीचा खर्च सात हजार डॉलरांच्या आसपास, म्हणजे त्याच संस्थेच्या आवारात राहून शिकणाऱ्या परप्रांतीयाच्या खर्चाचा अल्पसा अंश. प्रवेशाची अट सौम्य. किमान पात्रता असलेल्या बहुतेकांना घेतात. परंतु आत गेल्यावर पायाभूत विषयांत ठरावीक श्रेणी पहिल्या वर्षातच मिळवावी लागते, विषय कठीण असतात, आणि अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्यांची संख्या लहान नसते. दार रुंद आणि बाहेर पडण्याची वाट अरुंद, अशी ही रचना आहे. आणि पदवीच्या कागदावर 'ऑनलाइन' हा शब्द कोठेही नाही, कारण संस्थेचे म्हणणे असे की, विषय तेच, गृहपाठ तेच आणि निकषही तेच असताना तो शब्द लिहिण्याचे प्रयोजन काय? ह्या अभ्यासक्रमाचा ज्यांनी साक्षेपाने अभ्यास केला त्यांना असे दिसले की, आवारातील विद्यार्थ्याचे सरासरी वय २४, तर ऑनलाइन विद्यार्थ्याचे ३४. पहिला बहुधा परदेशांतून, आणि त्यांत पुष्कळसा भारतातून, आलेला, तर दुसरा बहुधा नोकरीत असलेला अमेरिकन. म्हणजे दोघे एकाच जागेसाठी भांडतच नव्हते. ऑनलाइन मार्ग नसता तर त्या दुसऱ्याने पदव्युत्तर शिक्षण घेतलेच नसते. अशा माणसाच्या पदवीला मालक मान देतो ह्यात आश्चर्य कसले? माणूस त्याच्या पाहण्यातला असतो, दहा वर्षांचे काम समोर असते, आणि पदवी त्यावर चढविलेला कळस असते.

आपल्याकडेही हे नवे नाही. पिलानीच्या बिर्ला तंत्र व विज्ञान संस्थेने नोकरदारांसाठी काम आणि शिक्षण एकत्र चालविणारे अभ्यासक्रम कित्येक दशकांपूर्वी सुरू केले, आणि मोठमोठ्या कंपन्या आपल्या अभियंत्यांना स्वखर्चाने तेथे नोंदवीत आल्या आहेत. महाराष्ट्रातील उद्योगांतही व्यवस्थापकांना नामांकित संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना कंपनीच्या पैशांनी पाठविण्याचा शिरस्ता पडला आहे. अभ्यासक्रम पुरा झाला की साहेब त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर लावतात आणि मनुष्यबळ विभाग अभिनंदनाचे संदेश पाठवितो. तोच विभाग दुसऱ्या दिवशी नवपदवीधरांच्या जाहिरातीत 'पूर्णवेळ, नियमित' ही अट घालतो, आणि ह्या दोन कृतींत काही विसंगती आहे असे त्याला वाटत नाही. ज्याला ओळखतो त्याच्या बाबतीत शिक्षणाची पद्धती गौण, आणि ज्याला ओळखत नाही त्याच्या बाबतीत तीच निर्णायक, असा हा व्यवहार आहे. ह्यात पद्धतीविषयीचे मत मुळी व्यक्तच होत नाही. व्यक्त होतो तो अनोळखी माणसाला पारखण्याचा कंटाळा.

तेव्हा ही अट काढून टाकावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते कोणावर दया करण्यासाठी नव्हे. लग्नानंतर तालुक्याच्या गावी राहून, मुले शाळेत गेल्यावरच्या चार तासांत ज्या मुलीने सांख्यिकीची पदव्युत्तर पदवी मिळविली तिला सहानुभूतीची नोकरी नको आहे. तिला गणित घालावे आणि ती सोडविते की नाही ते पाहावे, एवढीच तिची मागणी आहे. संगणकाच्या व्यवसायात तर अशी चाचणी घेण्याची साधने हाताशी आहेत, आणि बहुतेक कंपन्या ती वापरतातही. मग जो चाचणीत टिकेल त्याला चाचणीच्या आधीच दाराबाहेर ठेवण्याने कोणाचा लाभ होतो? कामाशी संबंध नसलेली शैक्षणिक अट लादणे ही किती गंभीर गोष्ट होऊ शकते हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ड्यूक पॉवर ह्या वीज कंपनीच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. तेथे शाळान्त प्रमाणपत्राच्या अटीमुळे कृष्णवर्णीय कामगार चांगल्या कामांपासून वंचित राहत होते, आणि त्या प्रमाणपत्राचा कामाच्या कुशलतेशी काही संबंध आहे हे कंपनीला दाखविता आले नाही. आपल्या देशात खासगी मालकावर असे कायदेशीर बंधन नाही आणि लगेच यावे असेही मी म्हणत नाही. परंतु 'ही अट कशासाठी?' ह्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येणार नसेल तर ती जाहिरातीत राहू नये, एवढा दंडक कंपनीच्या संचालकांनी आपल्या आपण घालून घेण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आता विद्यापीठांकडे वळू, कारण ह्या प्रकरणात खऱ्या अर्थाने कोणी आरोपी असेल तर ती विद्यापीठे होत. ऑनलाइन अभ्यासक्रम चालविण्याची मोकळीक कोणाला द्यावी हे ठरविताना विद्यापीठ अनुदान आयोग नॅकच्या मूल्यांकनातील ३.२६ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या १०० संस्थांतील स्थान पाहतो. ही मोजदाद संस्थेची झाली. विद्यार्थ्याला काय येते ह्याबद्दल ती अवाक्षर बोलत नाही. सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के आणि अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के भार असावा, हा नियम त्या मानाने शहाणपणाचा आहे, विशेषतः आज, जेव्हा घरी लिहून आणावयाचे स्वाध्याय विद्यार्थ्याने लिहिले की यंत्राने हे ओळखणे जवळजवळ अशक्य झाले आहे. परंतु ७० टक्क्यांची ती परीक्षा तरी कशी होते? जेथे तीच प्रश्नपेढी वर्षानुवर्षे फिरते, जेथे बहुपर्यायी प्रश्नांच्या पलीकडे काही विचारले जात नाही आणि जवळजवळ प्रत्येक नोंदणीकृत विद्यार्थी उत्तीर्ण होतो, तेथील परीक्षेने मालकाची खातरजमा होणार नाही, आणि होऊही नये. त्यात भर पडली आहे ती मध्यस्थ कंपन्यांची. विद्यापीठाचे नाव, त्यांची जाहिरात आणि त्यांच्या विक्रेत्यांचे दिवसातून चार वेळा येणारे दूरध्वनी, अशी ही भागीदारी असते. 'रेग्युलरच्या तोडीची' हे ब्रीद ते विक्रेते इतक्या वेळा उच्चारतात की ऐकणाऱ्याला तोड होती की नव्हती हीच शंका यावी. परदेशी संस्थांशी परस्पर संधान बांधून अशा कंपन्यांनी देऊ केलेल्या पदव्या मान्य नाहीत, असे आयोगाला डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर करावे लागले, ते उगीच नव्हे.

विद्यापीठांना आपल्या पदवीची पत वाढवावयाची असेल तर जाहिरातींवर खर्च होणारा पैसा परीक्षेवर खर्च करावा. प्रत्येक सत्राच्या प्रश्नपत्रिका परीक्षेनंतर संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. किती जणांनी नोंदणी केली, किती परीक्षेला बसले आणि किती उत्तीर्ण झाले हे विषयवार प्रसिद्ध करावे. आणि आवारात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना व ऑनलाइन विद्यार्थ्यांना एकच प्रश्नपत्रिका, एकाच दिवशी, देखरेखीखाली द्यावी. शेवटची सूचना मान्य करताना पुष्कळ कुलगुरूंची तारांबळ उडेल, ह्याची मला कल्पना आहे. ऑनलाइन विद्यार्थी मागे पडले तर ऑनलाइन अभ्यासक्रमाची अब्रू जाईल. आणि ते बरोबरीला आले, किंवा नोकरीच्या अनुभवामुळे चार पावले पुढेच निघाले, तर आवारातील शिक्षणाचे शुल्क कशाबद्दल घेता असे पालक विचारू लागतील.

राहिले उमेदवार. नोकरीच्या संकेतस्थळांवरील अर्जात शिक्षणाची पद्धती विचारणारा रकाना असतो, आणि तेथे 'पूर्णवेळ' अशी खूण करून पुढे जाण्याचा मोह अनेकांना होतो, असे भरतीच्या कामातील माणसे सांगतात. हा मोह आवरावा. नेमणुकीनंतर कंपनी पडताळणीचे काम एका तिऱ्हाईत संस्थेकडे सोपविते. ती पदवीची मागील बाजू पाहते, विद्यापीठाकडे विचारणा करते, आणि नोकरीच्या तारखा व अभ्यासक्रमाच्या तारखा समोरासमोर ठेविते. पुण्यात पूर्णवेळ नोकरी करीत असताना त्याच दोन वर्षांत दुसऱ्या शहरात पूर्णवेळ एमबीए केल्याचे सांगणारा मनुष्य तेथे सापडतो. आणि मग पदवी खरी असली तरी विधान खोटे ठरल्यामुळे नोकरी जाते. ज्याने 'ऑनलाइन' असे स्वच्छ लिहिले त्याच्या बाबतीत मात्र ह्याच तारखा साक्षीदार होतात, कारण नोकरी आणि शिक्षण ही दोन्ही त्याने एकाच वेळी निभावल्याचे त्या सांगतात.

आणि मुलाखत घेणाऱ्याला पारखच करावयाची असेल, तर तिला लांबलचक सामग्री लागत नाही. पदवी कोठून, कशी आणि किती रुपयांत केली हे विचारण्याऐवजी, दोन वर्षांत कोणता विषय सर्वांत जड गेला आणि तो कसा उलगडला, एवढेच विचारावे. ज्याने खरोखर अभ्यास केला आहे तो विषयाचे नाव घेईल, कोणत्या प्रकरणाशी अडला ते सांगेल, एखादे प्रमेय किंवा एखादा हिशेब अजून नीट कळलेला नाही अशी कबुलीही देईल, आणि बोलता बोलता कागद पुढे ओढून आकृती काढू लागेल. ज्याने केवळ शुल्क भरले आहे तो म्हणेल की, तसे सगळेच विषय चांगले होते.